भाचीला रोइंगला पाठवायची का? घरात वाद चाललाय, जाणकारांनी सांगावं

दूधगंगेची_आत्या

नमस्कार मंडळी. मी निपाणीत मराठी शाळेत शिकवते. माहेर चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, येडूर-कल्लोळच्या पट्ट्यात. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, थोरल्या भावाच्या मुलीचा.

पोरगी १७ वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. उंची ५ फूट १० इंच. कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळते. गेल्या महिन्यात बेळगावला सामने होते, तिथे एका प्रशिक्षकांनी तिला बाजूला बोलावून उंची मोजली, दोन्ही हात पसरायला लावून तेही मोजलं आणि विचारलं, "रोइंग करशील का?" रोइंग म्हणजे वल्ह्यांनी बोट पळवायची शर्यत; पोरीनं हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तिला रोइंगच्या मशीनवर बसवलं, कसं ओढायचं ते दाखवलं आणि २००० मीटर करायला सांगितलं. ८ मिनिटं १२ सेकंद लागली. उतरल्यावर ती जमिनीवर आडवीच झाली म्हणे, पण प्रशिक्षक खूष होते. सुट्टीत निवड चाचणीला या, असं सांगून गेले.

पाण्याचं तिला भय नाही. आमचे वडील नदीवर नाव चालवायचे. २०१९ च्या पुरात गावाला पाण्यानं वेढलं तेव्हा भावानं गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, पाण्यात सोडली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिच्यातून बाहेर काढलं. ही तेव्हा ११ वर्षांची, पण काहिलीत बापासमोर बसून बांबू टेकवत होती. वहिनी अजून त्या आठवणीनं शहारते.

भावाचं म्हणणं असं, की मुलींचा खेळ २२ व्या वर्षी संपतो. त्यानंतर हातात ना शिक्षण, ना नोकरी, आणि लग्नाचं वय निघून गेलेलं. गावातल्या दोन-तीन कबड्डीच्या पोरींचं तसं झालेलं त्यानं पाहिलंय, त्यामुळे त्याचं बोलणं मला खोडता येत नाही. मी एवढंच म्हणते, की निदान माहिती तरी काढूया. जगात ज्या बायका हा खेळ वरच्या पातळीवर खेळतात त्यांचं आयुष्य कसं जातं? किती वर्षं खेळतात? आपल्या देशातून कुणी बाई तिथवर गेलीय का? आणि आम्ही कर्नाटकातली मराठी माणसं, पोरीला कुठं पाठवायची, पुण्याला की बेंगळुरूला? ज्यांनी वल्हं हातात धरलंय त्यांनी उत्तर द्यावं, एवढी विनंती.


मुठेकाठची_बेळगावकर

अक्का, मी टिळकवाडीतली, सध्या नोकरीला बेंगळुरूत. पुण्यात इंजिनिअरिंग करताना कॉलेजच्या बोट क्लबात चार वर्षं वल्हं मारलं. माझी उंची ५ फूट ३ इंच. तुमच्या भाचीची उंची वाचली आणि खरं सांगते, हेवा वाटला. आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरणाऱ्या बहुतेक बायका तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून उंच असतात.

उंची का लागते ते आधी सांगते, म्हणजे त्या प्रशिक्षकांनी हात का मोजले ते कळेल. रोइंगच्या बोटीत सीट चाकांवर पुढेमागे सरकते आणि पाय बुटांत घट्ट बांधलेले असतात. गुडघे छातीशी आणून वल्हं पाण्यात टाकायचं आणि मग पायांनी रेटायचं. बघणाऱ्याला हातांचा खेळ वाटतो, पण बोट पळते ती मांड्यांच्या जोरावर. पाय आणि हात लांब असले की प्रत्येक स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याची एक ओढ, लांब पडतो. २००० मीटरच्या शर्यतीत सिंगल स्कलला, म्हणजे एकटीनं वल्हवायच्या बोटीला, साधारण अडीचशे स्ट्रोक लागतात. एका स्ट्रोकला चार बोटं जास्त मिळाली तर शेवटाला किती होतील, ते तुम्ही शाळेतल्या पोरांकडून गणित घालून काढून घ्या.

आता २२ व्या वर्षी संपण्याबद्दल. तुमच्या भावाला एमा ट्विगबद्दल सांगा. न्यूझीलंडची, जन्म १९८७ चा, सिंगल स्कलची खेळाडू. म्हणजे बोटीत एकटी, दोन हातांत दोन वल्ही. पुढे-मागे कुणी नाही आणि सुकाणू धरून ताल सांगायला बसतो तो कॉक्सही नाही.

पहिलं ऑलिंपिक २००८, बीजिंग. वय २१. नववी आली. तुमच्या भावाच्या हिशेबानं तिथं संपायला हवं होतं. ती खेळत राहिली, चार वर्षांनी २०१२ ला लंडनला गेली आणि चौथी आली. फायनलमध्ये सहा बोटी असतात आणि पदकं तीन. चौथी आलेली बाई पदकवाल्यांच्या अगदी पाठोपाठ रेषा ओलांडते आणि रिकाम्या हातानं धक्क्याला लागते. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमला ती जगज्जेती झाली. वय २७, ताकद भरात आलेली. आणि त्यानंतरचं वर्ष तिनं काय केलं असेल? शिकायला गेली. खेळाच्या व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायला युरोपात. तुमच्या भावाची शिक्षणाची काळजी खरी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्या वर्षाची किंमत तिला मोजावी लागली. परत आली तेव्हा रिओसाठीची जागा मिळायची होती. २०१६ च्या मे महिन्यात लुसर्नला शेवटची पात्रता शर्यत होती, ती जिंकून ती रिओत पोचली. आणि तिथं पुन्हा चौथी.

दोनदा चौथी. तिनं खेळ सोडला. दोन वर्षं बोटीपासून लांब राहिली, नोकरी केली, आणि २०१८ मध्ये परत पाण्यावर आली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. मग कोविडनं ऑलिंपिकच एक वर्ष पुढे गेलं.

३० जुलै २०२१, टोकियो. मी भाड्याच्या खोलीत मोबाईल उशीला टेकवून बघत होते. हवामानामुळे त्या आठवड्यात शर्यतींच्या वेळा बदलल्या होत्या. तिनं सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. वेळ ७ मिनिटं १३.९७ सेकंद, सिंगल स्कलमधली तोवरची ऑलिंपिकमधली सर्वांत वेगवान. वय ३४. रेषा ओलांडली आणि मी एकटीच खोलीत रडले. शेजारची मुलगी काय झालं म्हणून विचारायला आली.

तरीही थांबली नाही. पॅरिसला २०२४ मध्ये ३७ व्या वर्षी रौप्य. पुढे होती ती नेदरलँड्सची कारोलिन फ्लोरिन.

बेलारूसच्या एकातेरिना कार्स्टेनबद्दलही वाचा. १९९२ ला बार्सिलोनात चौघींच्या बोटीत कांस्य, तेव्हा वय २०. १९९६ आणि २००० ला सिंगलमध्ये सुवर्ण, २००४ ला रौप्य, २००८ ला कांस्य. २०१६ ला रिओत ४४ व्या वर्षी ती सातवं ऑलिंपिक खेळत होती. आपल्याकडे त्या वयात बाईला लोक "आता गुडघे सांभाळ" म्हणतात.

हा खेळ दमाचा आहे, अक्का. हृदय, फुप्फुसं आणि पायांची ताकद तयार व्हायला सात-आठ वर्षं जातात. वरच्या पातळीवरच्या बायका आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर वल्हवतात. मुलगी १७ व्या वर्षी बसली तर तिशीच्या आसपास तिचा खरा काळ येतो. २२ म्हणजे निम्मी वाटसुद्धा नाही.

माझं काय झालं तेही सांगते. माझ्या उंचीला एकच आशा होती, ती लाइटवेट गटाची. मुलींचं वजन ५९ किलोच्या आत लागायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा मोजून प्यायचे. त्या नादात माझी पाळी पाच महिने बंद झाली आणि मी ते घरी सांगितलं नाही. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट गट काढून टाकलाय. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तुमच्या भाचीला वजन उतरवायची गरज नाही. तिला भरपूर खाऊ द्या, आणि कुठल्याही प्रशिक्षकानं जेवण कमी कर म्हटलं तर तुम्ही मध्ये पडा.


सुभेदार_खानापूर

बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, सैन्यातून निवृत्त. पुण्यात पोस्टिंग असताना तीन वर्षं रोइंगच्या टीममध्ये होतो. पुण्यात दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, तिथं रोइंगसाठी पाण्याचा सरळ चॅनल आहे आणि सैन्याचं रोइंगचं केंद्रही तिथंच. भरतीला गेलो तेव्हा मला फक्त मलप्रभेच्या डोहात पोहता येत होतं, बोट कधी पाहिली नव्हती.

दत्तू भोकनळ यांचं नाव भावाला सांगा. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचे. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचे. सैन्यात भरती झाले आणि २०१२ साली तिथंच पहिल्यांदा बोटीत बसले. चार वर्षांत रिओ ऑलिंपिक, सिंगल स्कल, १३ वा क्रमांक. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीला सुवर्ण. कोरडवाहू गावचा माणूस तो. तुमची पोरगी तर नदीच्या पाण्यावर वाढलेली आहे.

आता बायकांचं. जे आहे ते स्पष्ट सांगतो. २००० पासून २०२४ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकला आपले रोइंगवाले गेले, पण सगळे पुरुष. बाई एकही नाही. पॅरिसला बलराज पंवार गेले, २३ वे आले. आशियाई स्पर्धेत मात्र २०१० ला ग्वांगझूमध्ये प्रतिमा पुहान आणि प्रमिला प्रवा मिंझ या ओडिशाच्या दोघींनी पेअरमध्ये, म्हणजे दोघींच्या बोटीत प्रत्येकीला एकेक वल्हं अशा शर्यतीत, कांस्य आणलं. आणि २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये अनिता या खेळाडूनं नारायण कोंगनापल्ले यांच्याबरोबर डबल स्कलमध्ये, म्हणजे दोघांच्या बोटीत प्रत्येकाला दोन वल्ही अशा शर्यतीत, भाग घेतला. म्हणजे वाट पडायला लागलीय, पण अजून मळलेली नाही. तुमच्या पोरीला हे माहीत असू द्या. लपवून पाठवू नका.

कुठं पाठवायची म्हणाल तर पुणे की बेंगळुरू हा वाद बाजूला ठेवा. मुलींसाठी पाणी, बोटी, महिला प्रशिक्षक आणि वसतिगृह जिथं आहे तिथं पाठवा. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची पाण्यातल्या खेळांची केंद्रं केरळात अळप्पुळाला आणि ओडिशात कटकजवळ जगतपूरला आहेत. तिथं निवड झाली तर राहणं, जेवण आणि प्रशिक्षण मिळतं. भाषा कुठलीही असो. आमच्या टीममध्ये पंजाबी, मल्याळी, राजस्थानी आणि मी असे चौघे एका बोटीत होतो. पाण्यावर सगळे एकाच वेळी वल्हं टाकायचे, तेव्हा भाषेची अडचण आली नाही.

एक कळकळीनं सांगतो. माझ्या मेहुण्याच्या मुलीला एका ठिकाणी निवडलं, कपडे घेऊन ती पोरगी गेली, आणि मुलींची राहायची सोय अजून झालेली नाही म्हणून चार दिवसांत परत पाठवली. त्यानंतर तिनं खेळाचं नाव काढलं नाही. म्हणून आधी स्वतः जाऊन खोल्या, संडास, दरवाज्याच्या कड्या, डॉक्टर, सगळं बघून या. लाजू नका.


शहापूर_जुना_वाचक

वरच्या ताईंनी कार्स्टेनचं नाव घेतलं म्हणून एक भर घालतो. २००० ची सिडनीतली फायनल. कार्स्टेन आणि बल्गेरियाची रुम्याना नेइकोवा एकदम रेषेवर. फोटो बघून निकाल लागला: ७:२८.१४ आणि ७:२८.१५. सेकंदाचा शंभरावा भाग. नेइकोवानं नंतर आठ वर्षांनी बीजिंगला सुवर्ण घेतलंच.

आणखी एक. ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग आलं ते १९७६ ला, मॉन्ट्रियलमध्ये. तेव्हा त्यांना निम्मंच अंतर द्यायचे, १००० मीटर. पुरुषांएवढं २००० मीटर ऑलिंपिकला १९८८ पासून. रोमानियाच्या एलिसाबेटा लीपानं १९८४ ला १००० मीटरच्या काळात सुवर्ण मिळवलं आणि २००४ ला २००० मीटरच्या काळातही. एकूण पाच सुवर्णं, वीस वर्षांत. आता २०२८ ला लॉस एंजेलिसला शर्यत १५०० मीटरची होणार आहे, कारण तिथल्या जागेत तेवढंच पाणी बसतं. शिवाय समुद्रकिनाऱ्यावरचं रोइंग नव्यानं येतंय. त्यात वाळूवरून पळत जाऊन बोटीत उडी मारायची असते. नदीकाठच्या पोरीला तेही जमेल.


दूधगंगेची_आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, माहेरी गेले होते. ऊसतोड चालू असल्यामुळे भाऊ दुपारी घरी नव्हता, म्हणून फडावरच गेले. बांधावर बसून त्याला मोबाईलवर टोकियोची ती शर्यत दाखवली. पूर्ण बघितली. काही बोलला नाही. मग म्हणाला, "ही उलट्या तोंडानं बसलीय. पुढचं दिसतं कसं?"

आमच्या वडिलांच्या नावेत नाववाला उभा राहून पुढं बघत बांबू टेकायचा, म्हणून त्याला ते खटकलं. मला उत्तर देता आलं नाही. पण त्यानं प्रश्न विचारला यातच मला बरं वाटलं. नंतर दोनदा स्वतःच शर्यत परत लावली. ती वल्हं पाण्याबाहेर काढते तेव्हा पाणी किती कमी उडतं, ते त्यानंच मला दाखवलं. पाणी उडालं की जोर फुकट जातो, असं आप्पा म्हणायचे, हेही त्यालाच आठवलं.

वहिनीची भीती वेगळी आहे. ती म्हणते, पोरगी उन्हानं काळी पडेल, हाताला घट्टे पडतील, बघायला येणारे काय म्हणतील. पोरीनं स्वतःचे तळहात तिच्यासमोर धरले. भांगलणीचे घट्टे आधीपासून आहेतच. वहिनी गप्प झाली, पण तिचं मन तयार झालंय असं मला वाटत नाही. पाळीबद्दल ताईंनी लिहिलेलं मी तिला एकटीला बसवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे सांगणारी बाई चांगली आहे." पोरीबरोबर पहिले आठ दिवस मी राहायचं, या अटीवर ती कबूल झालीय. शाळेत रजेचा अर्ज दिलाय.

तेवढं उलटं बसण्याचं कुणीतरी सांगा. भाऊ विचारत राहणार.


मुठेकाठची_बेळगावकर

उलटं बसल्याशिवाय पायांनी रेटता येत नाही, म्हणून तसं बसतात. सिंगलमध्ये चार-पाच स्ट्रोकनंतर मान वळवून खांद्यावरून एक नजर टाकायची. शर्यतीच्या पाण्यावर प्रत्येक बोटीची लेन आखलेली असते, दोन्ही बाजूंना दोरीला ओवलेले छोटे गोळे तरंगत असतात. त्यावरून आपण सरळ जातोय की नाही ते कळतं. शेवटच्या २५० मीटरमध्ये गोळ्यांचा रंग बदलतो. तो रंग डोळ्याच्या कोपऱ्यात आला की किती उरलं ते बघायला मागे वळावं लागत नाही. आणि पुढे असलात तर बाकीच्या पाचही बोटी तुमच्या डोळ्यांसमोर असतात. कोण जोर लावतंय ते सगळं दिसतं. ट्विगला टोकियोत तसंच दिसत होतं.

भावाला हेही सांगा, की सिंगलची बोट अवघी १४ किलोची असते, पण ८ मीटरच्या आसपास लांब आणि कमरेएवढीही रुंद नाही. वल्ही सोडली की उलटते. पहिल्या महिन्यात भाची दहा वेळा पाण्यात पडेल. तिथं आधी पोहण्याची परीक्षा घेतात, त्याची तिला काळजी नको.


दूधगंगेची_आत्या

सांगितलं. "म्हणजे आमच्या काहिलीपेक्षा अवघड," म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निवड चाचणीला निघतोय, मी, भाऊ आणि पोरगी. सुभेदारसाहेब, वसतिगृहात काय काय बघायचं त्याची यादी तुमच्या लिहिण्यावरून वहीत उतरवून घेतलीय. एकच विचारायचं राहिलं. वल्हं ओढून हाताला फोड येतात म्हणे, तर बरोबर काय न्यावं? वहिनी खोबरेल आणि हातमोजे द्यायचं म्हणतेय.


मुठेकाठची_बेळगावकर

हातमोजे नकोत, वल्ह्याची पकड कळत नाही. वल्हवायच्या आधी खोबरेलही नको, हात सटकतो. ते रात्री झोपताना लावा. फोड आला तर वरची कातडी सोलून काढू द्यायची नाही. हात साबणानं धुवायचे, फोड आपोआप फुटला तर तेवढी जागा स्वच्छ करून कोरडी ठेवायची आणि वर चिकटपट्टी. मेडिकलमधून कापडी चिकटपट्टीची दोन मोठी रिळं आणि एक छोटी कात्री न्या. नखं आजच कापायला सांगा.